फायबरचे व बांबूचे दांडे घडविताना हत्यारांची धार कशी राखावी

मृग नक्षत्र जवळ आले की धाराशिव जिल्ह्यातील गावोगावी अवजारांच्या डागडुजीची घाई सुरू होते. लोहाराच्या भात्याशी कुदळी व फास शेवटण्यासाठी येऊन पडतात आणि सुताराच्या दारात दांड्यांची रांग लागते. कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, फावडे, घण यांचे पाते कितीही उत्तम असले तरी दांडा ढिला किंवा चिरलेला असेल तर अवजार निरुपयोगी ठरते. निरुपयोगी ठरले तर एक वेळ चालेल. परंतु दांड्यातून निसटलेली कुऱ्हाड समोरच्या माणसाच्या अंगावर जाते, तेव्हा नुकसान पैशात मोजण्यासारखे राहत नाही. म्हणून दांड्याचा विषय लहान दिसला तरी तो काळजीपूर्वक समजून घेण्याजोगा आहे.

या भागात दांडा म्हणजे बाभळीचा, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. बाभळीचे लाकूड जड, चिवट व धक्का सोसणारे असते, आणि ओढ्यानाल्याच्या काठी ते सहज मिळत असे. सुतार ते वाकसाने तासून, रंध्याने गुळगुळीत करून देई व सुगीला आपले बलुते नेई. आज परिस्थिती पालटली आहे. जिल्ह्यातील वनक्षेत्र अत्यल्प, बांधावरच्या जुन्या बाभळी तुटलेल्या, आणि बलुत्याची जागा रोख मजुरीने घेतलेली. त्यामुळे दोन नवे पदार्थ सुताराच्या पुढ्यात येऊ लागले आहेत. एक, ज्याला बाजारात नुसते ‘फायबर’ म्हणतात तो काचतंतूंचा दांडा. आणि दुसरा, नवा नसला तरी नव्याने महत्त्व पावलेला बांबू. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू हा ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि शेतात लावलेला बांबू तोडण्या-नेण्यातील मोठी अडचण दूर झाली. तेव्हापासून मराठवाड्यातही बांबूची लागवड करणारे शेतकरी दिसू लागले आहेत.

दोन्ही पदार्थ दांड्यासाठी चांगले आहेत. मात्र दोहोंचा एक अवगुण सुतारास पहिल्याच दिवशी कळतो. ज्या सामत्याने बाभळीत शंभर भोके पाडली, तो फायबरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भोकालाच धूर काढू लागतो. करवतीचे दात हाताला गुळगुळीत लागू लागतात. रंध्याचे पाते एकदा फिरविले की पुन्हा निसण्यावर न्यावे लागते. दिवसभराच्या मजुरीपेक्षा पात्यांचा खर्च अधिक झाला तर सुतार ते काम नाकारतो, आणि शेतकरी मग स्वतःच कुठल्या तरी विळ्याने दांडा छिलून तो नेढ्यात ठोकतो. अपघाताचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

संमिश्र पदार्थ म्हणजे काय

माळवदाच्या घराला गिलावा करताना पांढऱ्या मातीत भुसा किंवा तूस कालवितात, हे सर्वांस ठाऊक आहे. नुसती माती वाळल्यावर तडकते. नुसत्या भुशाला आकार राहत नाही. दोन्ही एकत्र आले म्हणजे भुशाचे तंतू मातीला तडकू देत नाहीत व माती तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. एक धरणारा व एक ताण घेणारा, अशा दोन पदार्थांच्या मिलाफास संमिश्र पदार्थ म्हणतात.

फायबरच्या दांड्यात ताण घेणारे ते काचेचे तंतू, आणि त्यांना धरणारी ती राळ. काच वितळवून तिचे केसाहूनही बारीक धागे ओढतात, ते पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी जातीच्या कृत्रिम राळेत भिजवितात व साच्यातून ओढून घट्ट होऊ देतात. असे धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याचा उद्योग अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात उभा राहिला. ओवेन्स-कॉर्निंग ही त्यातील प्रसिद्ध कंपनी १९३८ साली स्थापन झाली. चांगल्या दांड्यात बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे तो वाकविण्यास फार बळकट, परंतु उभा चिरला जाण्यास त्या मानाने सोपा असतो.

बांबू हा निसर्गाने घडविलेला संमिश्र पदार्थच होय. त्याचा आडवा छेद घेऊन पाहिल्यास बाहेरच्या बाजूस काळसर ठिपक्यांची दाटी व आतल्या बाजूस विरळता दिसते. हे ठिपके म्हणजे तंतूंच्या जुड्या. म्हणून बांबूची ताकद मुख्यतः बाहेरच्या थरात असते. आणि नेमक्या त्या थराच्याही वर, हिरव्या चकचकीत सालीत, सिलिका साठलेली असते. सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य. भाताच्या तुसाची राख केली तर तिच्यात बहुतांश सिलिकाच उरते. ज्वारीचे पान हाताला कापते तेही त्याच्या कडेवरील सिलिकायुक्त सूक्ष्म दातांमुळे. सोयाबीन काढताना विळ्याची धार लवकर जाते, त्यात मात्र खोडाला चिकटलेल्या मातीचा दोष अधिक असतो. कडबा कुट्टी यंत्राची पातीही मातीने भरलेली ताटे घातल्यावरच झपाट्याने बोथट होतात. वैरण झटकून घातली तर पाती जास्त दिवस टिकतात, एवढे येथे जाता जाता सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

धार का जाते

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोस याने १८१२ साली कठीणपणाची दहा पायऱ्यांची एक श्रेणी मांडली. तीत संगजिरे १ व हिरा १०. या श्रेणीत गारगोटी ७, साधी काच साधारण ५.५ आणि उत्तम पाणी दिलेले पोलाद साधारण ६.५ किंवा थोडे अधिक इतके कठीण भरते. यावर कोणीही विचारील की, काच पोलादापेक्षा मऊ असताना ती पोलादाची धार कशी घालविते?

याचे उत्तर प्रत्येक जुन्या विहिरीच्या काठावर कोरलेले आहे. सुताचा दोर दगडापेक्षा कितीतरी मऊ. तरी वर्षानुवर्षे घासून तो दगडाला खाच पाडतो. सामत्याच्या एका फेऱ्यात हजारो काचतंतू तुटतात आणि त्यांचे ताजे, अणकुचीदार टोक धारेवरून घासत जाते. शिवाय राळ ही उष्णता वाहून नेण्यास फार वाईट. लोखंड कापताना उष्णता लोखंडात पसरते व किसाबरोबर निघून जाते. फायबर कापताना ती जागा सोडत नाही, सगळी धारेत साठते. साध्या पोलादी पात्याचे पाणी २०० ते ३०० अंश सेल्सियसच्या दरम्यान उतरू लागते. लोहाराच्या डोळ्यास याची खूण माहीत असते: तापलेल्या पात्यावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटी ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. पात्याची धार निळी झाली म्हणजे तिचे पाणी गेले. ती आता काचेपुढे टिकणार नाही. म्हणजे घर्षण आणि उष्णता ही दोघे मिळून चोरी करतात. त्यांपैकी उष्णता आवरणे बव्हंशी कारागिराच्या हाती आहे.

घर्षणाचेही गणित करून पाहण्यासारखे आहे. ८ मिलिमीटरच्या सामत्याचा परीघ सुमारे २५ मिलिमीटर. ३० मिलिमीटर जाडीच्या दांड्यात आरपार भोक पाडायचे आहे. कारागीर भीत भीत, अगदी हलक्या हाताने दाबत असेल आणि दर फेऱ्यास सामता ०.०५ मिलिमीटर पुढे सरकत असेल तर ६०० फेरे लागतात. धारेचे बाहेरचे टोक एका भोकात १५ मीटर घासले जाते. तोच दाब वाढवून दर फेऱ्यास ०.१५ मिलिमीटर पुढे नेले तर २०० फेऱ्यांत भोक पडते व घासणे ५ मीटरवर येते. एकाच भोकात तिप्पट फरक! पाते जपायचे म्हणून हलक्या हाताने काम करणारा कारागीर ते पाते अधिक लवकर घालवितो. फायबर असो वा बांबू, धारेने कापले पाहिजे. धार नुसती घासता कामा नये. भोकातून बारीक पीठ येऊ लागले आणि सामता पुढे जात नसेल, तर तो काढून धार पाहावी. तशाच बोथट सामत्यावर छाती टेकवून जोर करणे हे पाते, दांडा व मनगट या तिघांस घातक आहे.

कोणते पाते निवडावे

साध्या पोलादाची पाती, म्हणजे पटाशी, रंधा, लाकडाची करवत, फायबरला मुळीच लावू नयेत. ती बाभळीसाठी राखावीत. हायस्पीड पोलादाचा सामता ६०० अंशांच्या आसपासपर्यंत आपला कठीणपणा टिकवितो, म्हणून उष्णतेपुढे तो उभा राहतो. परंतु काचेच्या घासण्यापुढे तोही थोड्याच भोकांचा धनी असतो. दोन-चार भोकेच पाडायची असतील तर तो चालेल.

नित्याचे काम असेल तर कार्बाइडचे टोक बसविलेला सामता घ्यावा. टंगस्टन कार्बाइड हा पदार्थ मोस श्रेणीत ९ च्या जवळ बसतो. जर्मनीतील क्रुप कारखान्याने तो १९२६ च्या सुमारास ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला; ‘हिऱ्यासारखे’ अशा अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची ती जोडणी आहे. आपल्याकडील लेथ कारागीर आजही कार्बाइडच्या टोकास विडियाच म्हणतात, ते यामुळे. मात्र कार्बाइड कठीण तितकेच ठिसूळ असते. सामता हातातून फरशीवर पडला किंवा भोकात वाकडा झाला की टोकाचा टवका उडतो. भिंतीत भोके पाडण्याचा जो सामता घरोघरी असतो त्याचे टोकही कार्बाइडचेच. परंतु ते मुद्दाम बोथट ठेवलेले असते, कारण ते दगड फोडण्यासाठी असते. अडचणीच्या वेळी यंत्रातील हातोड्याचा झटका बंद ठेवून तो वापरता येतो. भोक मात्र सावकाश व थोडे खरबरीत पडते.

कापण्यासाठी सर्वांत टिकाऊ म्हणजे हिऱ्याची कणी बसविलेली चकती. फरशी कापणाऱ्या गवंड्याकडे असते तीच ही. कडेला खाचा नसलेली, अखंड कडेची चकती फायबरसाठी चांगली. ती दांड्याचे पापुद्रे कमी काढते. या चकतीला दात नसतात, म्हणून वर सांगितलेला दाबाचा नियम तिला लागू नाही. ती मुळातच घासून कापते. तिला हलक्या हाताने, थांबत थांबत, श्वास घेऊ देत चालवावे. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास ११,००० फेरे घेते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर वेगाने धावते. म्हणून यंत्राचा पत्र्याचा रक्षक काढून काम करणे हा अविचार होय. काही कापण्यांनंतर चकती कापेनाशी होते. ती झिजलेली नसते. तिच्या कण्यांत राळ भरलेली असते. एखाद्या भाजक्या विटेत दोन-तीन वेळा चालविली की राळ निघून जाते व नवी कणी उघडी पडते.

प्रत्यक्ष काम: फायबरचा दांडा

प्रथम हे ठरवावे की कापण्याची खरोखर गरज आहे का. बाजारात दांडे निरनिराळ्या मापांचे मिळतात. नेढ्याचे माप घेऊन जाणे आणि जुळता दांडा आणणे यासारखी पात्याची बचत नाही. दांडा नेढ्यापेक्षा जाड आहे म्हणून तो छिलून बारीक करणे ही तर मोठी चूक. वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या तंतूंवर येतो व ताकद ही व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. ३० मिलिमीटरचा दांडा छिलून २८ चा केला तर दिसण्यात फरक पडत नाही. ताकद मात्र जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि तीही नेमकी नेढ्यापाशी, जेथे दांडा मोडतो. तुटलेल्या तंतूंची टोके तेथे उघडी पडून पाणी शिरते, ते वेगळेच. नेढ्यापाशी वरची रंगाची किंवा रबराची साल तेवढी काढावी. आतील तंतूंस हात लावू नये.

लांबी कमी करणे मात्र निर्धोक आहे, कारण ते मुठीच्या टोकाकडून करता येते. खुणेच्या जागी चिकटपट्टीचे दोन घट्ट वेढे द्यावेत, म्हणजे कडेचे तंतू उचकटत नाहीत. दांडा शिकंजात धरताना दोन्ही बाजूंस लाकडाचे खाच पाडलेले तुकडे घालावेत. लोखंडी जबड्यात आवळल्यास तो उभा चिरतो व चीर बाहेरून दिसतही नाही. हिऱ्याची चकती नसेल तर इंचास २४ किंवा ३२ दात असलेले हॅक्सॉचे पाते घ्यावे. प्रथम दांडा फिरवीत सभोवार एक-दोन मिलिमीटर खोल खाच घ्यावी, आणि मग आरपार कापावे. करवत चालविताना पात्याची पूर्ण लांबी वापरावी. बहुतेकांचा हात मधल्या चार इंचांतच चालतो. मध्य झिजतो, दोन्ही टोके नवी राहतात आणि पाते फेकले जाते. काम अर्धवट असताना पाते बदलावे लागले तर नवे पाते जुन्या खाचेत घालू नये. झिजलेल्या पात्याने पाडलेली खाच अरुंद असते. नव्या पात्याचे फाकलेले दात तीत अडकतात व क्षणात जातात. दांडा उलटा करून दुसऱ्या बाजूने नवी खाच सुरू करावी.

भोक पाडावयाचे असेल तर ते शक्यतो टाळावे, हे आधी सांगितले पाहिजे. मुठीच्या टोकाला दोरी ओवण्यासाठी भोक हवे असेल तर हरकत नाही. नेढ्याजवळ खिळा किंवा बोल्ट घालण्यासाठी भोक पाडण्याची जुनी सवय मात्र फायबरच्या बाबतीत सोडावी. तेथे तुटलेले तंतू पाचरीने भरून येत नाहीत. भोकाच्या जागी खुणेपुरती टोचणी करावी, खाली बाभळीचा ठोकळा लावून दांडा त्यावर घट्ट धरावा. सामता पलीकडे निघताना तंतू फाडतो तो या ठोकळ्यामुळे फाडत नाही. यंत्राची गती कमी ठेवावी: ८ मिलिमीटरच्या सामत्यास मिनिटाला ८०० फेरे पुरेत. त्या गतीने धारेचा वेग मिनिटाला सुमारे २० मीटर होतो. तेच यंत्र २,८०० फेऱ्यांवर चालविले तर वेग ७० मीटरवर जातो, व राळ जळल्याचा उग्र वास येऊ लागतो. तो वास ही पहिली सूचना समजावी. निश्चयाने दाबावे, दहा मिलिमीटर गेल्यावर सामता बाहेर काढून पीठ झाडावे, क्षणभर निवू द्यावे व पुन्हा घालावे. तापलेला कार्बाइडचा सामता गार व्हावा म्हणून पाण्यात बुडविण्याची चूक करू नये, तो तडकतो. विजेच्या यंत्रावर काम चालू असता पाणी ओतणे तर जिवाशी खेळ आहे.

कडा साफ करण्यासाठी नवी कानस वापरू नये. जुनी, लोखंडाला निरुपयोगी झालेली कानस यासाठी बाजूस ठेवावी. त्यापेक्षाही पाण्यात भिजणारा काळा काचकागद उत्तम. त्यावरील सिलिकॉन कार्बाइडची कणी काचेपेक्षा पुष्कळ कठीण असते, कागद स्वस्त असतो, आणि पाण्यामुळे धूळ उडत नाही. प्रथम ८० नंबर, मग २२० नंबर, व हात नेहमी तंतूंच्या दिशेने. सरतेशेवटी कापलेल्या टोकास इपॉक्सीचा पातळ हात द्यावा म्हणजे पाणी शिरत नाही व तळहातात काचेची कुसळे जात नाहीत.

कुऱ्हाड किंवा घण फायबरच्या दांड्यात बसविताना लाकडी पाचर ठोकून भागत नाही, कारण फायबर फुगत नाही व दबतही नाही. नेढ्यातील गंज व तेलकटपणा पूर्ण काढून, दांड्याचे टोक काचकागदाने खरबरीत करून, मधली फट दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने भरावी आणि पाकिटावर सांगितलेला पूर्ण वेळ ते तसेच राहू द्यावे. पहिला घाव शेतात नव्हे, तर घरामागच्या ओंडक्यावर, समोर कोणी नसताना घालून पाहावा.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. गोंदाने बसविलेला दांडा लोहाराच्या भट्टीस चालत नाही. उष्णतेने राळ व गोंद दोन्ही जातात. कुदळ व टिकाव ही अवजारे वर्षातून एक-दोनदा शेवटावी लागतात, आणि त्यांचा दांडा निघणारा असणेच सोयीचे. या दोहोंसाठी बाभळीचा दांडा आजही अधिक चांगला, असे म्हणण्यास हरकत नाही. फायबरचा खरा उपयोग फावडे, कुऱ्हाड व घण यांस आहे.

बांबूविषयी

दांड्यासाठी मानवेल जातीचा बांबू निवडावा. कोरड्या भागात तो जवळजवळ भरीव वाढतो; लाठ्या त्याच्याच करतात. तीन वर्षांपुढील, हिवाळ्यात तोडलेला, सावलीत वाळविलेला बांबू घ्यावा. कोवळ्यात पिठूळपणा जास्त असल्याने घुण लवकर लागते.

बांबूत धारेचा शत्रू सालीत आहे, आणि बळही सालीलगतच आहे. म्हणून साल सगळीकडून काढावी हा एक सल्ला व मुळीच काढू नये हा दुसरा, हे दोन्ही टोकाचे झाले. जेथे करवत किंवा सामता लागणार तेवढ्याच जागेची हिरवी साल, अर्धा बोटभर रुंदीची, जुन्या मोडक्या पात्याने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडून काढावी. ज्याची धार आधीच गेली आहे त्याने हे काम करावे. चांगले पाते मग त्या मोकळ्या पट्ट्यावर चालवावे. उभे भाग करावयाचे असल्यास करवतीने न कापता पाचरीने फोडावेत. फोडण्यात धार फक्त आरंभी लागते, पुढे बांबू आपणच उलगडत जातो. भोक सदैव बाहेरून आत पाडावे. मुठीच्या टोकाशी पेर येईल असे माप धरावे, म्हणजे टोक फाटत नाही.

जुन्या लाकडाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा व उमरगा तालुक्यांतील माळवदाची घरे कोसळली. त्यानंतरही जिल्हाभर जुनी माळवदे उतरविली जात आहेत. त्यांतील सागाचे वासे व खांब सुतारांकडे येतात. सागाच्या लाकडात मुळातच थोडी सिलिका असते, आणि वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीखाली राहिल्यामुळे त्याच्या फटींत माती व वाळू बसलेली असते. असे लाकूड तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन, वाळवून, खिळ्यांची जागा चुंबकाने तपासून मगच रंध्याखाली घ्यावे.

धार लावणे व धुळीपासून संरक्षण

कार्बाइडचे पाते तपकिरी किंवा करड्या कुरुंदाच्या चाकावर लावू नये. चाक झिजेल, पाते झिजणार नाही. उलट तापून तडकेल. त्यास हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक किंवा हिऱ्याचे चाक लागते. ते गावात असणे कठीण. म्हणून चार-पाच पाती जमली की तालुक्याच्या ठिकाणी धार लावून आणावीत. साध्या पोलादाची पटाशी चाकावर धरताना दर दोन-तीन श्वासांनी पाण्यात बुडवावी, निळा रंग येऊ देऊ नये. गावातील अवजार बँकेने किंवा शेतकरी गटाने हिऱ्याची एक चकती व कार्बाइडच्या सामत्यांचा एक संच सामाईक घेतला तर गावातील सर्व दांड्यांचे काम त्यावर निघू शकते; एकेका घराने तो घेण्याचे कारण नाही.

फायबरची धूळ अंगास खाजविते, डोळ्यांस व घशास झोंबते. राळेच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते व ते पुन्हापुन्हा उठू लागते. म्हणून नाकातोंडावर चांगला एन-९५ जातीचा मुखवटा, डोळ्यांवर चष्मा व पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. अंगावरचे पीठ हाताने चोळू नये, प्रथम गार पाण्याच्या धारेने वाहू द्यावे. त्या दिवसाचे कपडे निराळे धुवावेत, लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ हे काम कधीही करू नये. बांबूचा भुसा वैरणीत पडला तर फारसे बिघडत नाही. काचेचे कुसळ जनावराच्या तोंडात गेले तर ते बोलून दाखवू शकत नाही. कामाच्या जागी खाली जुने पोते अंथरावे, काम झाल्यावर ते ओले करून गुंडाळावे. फायबरचे तुकडे चुलीत घालू नयेत. राळेचा धूर विषारी असतो व काच राखेत तशीच उरते, आणि तीच राख पुढे भांडी घासण्यास किंवा उकिरड्यावर जाते. तुकडे पोत्यासह बांधून, शेणखताच्या खड्ड्यापासून व विहिरीपासून दूर असलेल्या जागी, गावाच्या इतर न कुजणाऱ्या कचऱ्याबरोबर टाकावेत.

काम संपल्यावर सामता व चकती ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, कार्बाइडचे टोक एकमेकांवर आपटणार नाही अशी वेगवेगळ्या बांबूच्या नळकांड्यांत ठेवावीत. नळकांड्यावर ‘फायबर’ असे खडूने लिहून ठेवले म्हणजे घाईच्या दिवशी तोच सामता कोणी लोखंडाला लावणार नाही.